रेवाच्या ओट्यासाठी एक बोर्ड

त्या गुरुवारी सकाळी मटकीला मोड आलेत का, ते मी बघत होते. अविनाश नेहमीसारखा जॉगिंग ट्रॅकवर गेला होता. दुपारी आम्हाला भांडीबाजारात जायचं होतं. आमची रेवा पुण्यात नोकरीला लागली होती, पहिल्यांदाच स्वतःचं स्वयंपाकघर मांडत होती आणि तिच्यासाठी भाजी चिरायचा चांगला लाकडी बोर्ड घ्यायचा होता.

फोन वाजला. खैरनारभाऊ. अविनाशचे ट्रॅकवरचे मित्र, मूळचे सटाण्याकडचे. इतकी वर्षं नाशकात राहूनही माझ्याशी अहिराणी वळणानंच बोलणारे. त्या दिवशी मात्र पुस्तकातल्यासारखं बोलले. "वहिनी, आपण घरीच आहात ना? कुठे जाऊ नका. मी येतोय."

मी मटकीवर परत फडकं घातलं. मला कळलं होतं.

माणूस गेल्यावर भेटायला येणारी माणसं आधी गप्प बसतात. मग कुणीतरी बिचकत एक किस्सा सांगतो, लगेच दुसऱ्याला एक आठवतो, आणि बघता बघता ढीग होतो. अविनाशचे किस्से तर बहुतेक सगळे एकाच वस्तूचे!

त्याचं झालं असं. अविनाश, खैरनारभाऊ आणि पंचवटीतले गायधनी, या तिघांनी पन्नाशी उलटल्यावर अचानक स्वयंपाक शिकायचं मनावर घेतलं. महिन्यातला एक रविवार, आळीपाळीनं एकेकाच्या घरी. बायकांनी हॉलमध्ये बसायचं, आत डोकावायचं नाही. प्रत्येकानं आपली सुरी आणि आपला बोर्ड घेऊन यायचा. खैरनार आणि गायधनी त्यातून स्वयंपाक शिकले. अविनाशला बोर्डाचं वेड लागलं. तिन्ही घरांत कुणाचा नवा संसार मांडायचा झाला की बोर्ड त्यानंच निवडायचा, असं ठरूनच गेलं.

* * *

दुकानात तो बोर्ड नुसता हातात घेत नसे. दुकानदाराकडे ओलं फडकं मागायचा, ते काउंटरवर पसरायचा, त्यावर बोर्ड ठेवून दोन्ही तळव्यांनी दाबायचा. डुगडुगतो का? मग एका हातानं उचलून बघायचा. मग डोळ्यांसमोर आडवा धरून, कुठे वाकलाय का ते बघायचा.

एकदा दुकानदार वैतागला. "काका, बोर्ड घेताय का जावई बघताय?"

अविनाश शांतपणे म्हणाला, "छे! लग्नाच्या वेळी कोण एवढं बघतं?" आणि माझ्याकडे वळून, "हिनं तरी कुठे बघितलं होतं?"

* * *

माझ्या एका मैत्रिणीनं मला काचेचा बोर्ड भेट दिला. द्राक्षांचे घड छापलेला, फारच देखणा. अविनाशनं त्यावर एक काकडी चिरली. टक्, टक्, टक्. मग सुरीची धार अंगठ्यावरून हलकेच फिरवून बघितली आणि म्हणाला, "सुरी गेली. माझे दातही शिवशिवले. याला भिंतीवर लाव."

मी रागानं तो खैरनारभाऊंना देऊन टाकला. त्यांनी खरंच हॉलच्या भिंतीवर लावला! वर मला सांगतात, "वहिनी, पाव्हणे लई नावाजतात! मी सांगतो, चित्र मनी वहिनीनी काढेल शे!"

* * *

हेच खैरनारभाऊ एकदा गावाकडून बाभळीचा बोर्ड करून घेऊन आले. बोर्ड कसला, खोडाचा कापच तो! दोघांनी धरून जिन्यावरून वर आणला. ओट्यावर ठेवला तेव्हा खालचे डबे वाजले.

"भाऊ, बाभूळ शे! जल्मात हालाव नही!"

खरंच हलला नाही. धुवायला बेसिनपर्यंतसुद्धा नाही. तीन प्रौढ पुरुष ओट्याभोवती उभे राहून विचार करत होते. शेवटी अविनाश म्हणाला, "बोर्ड राहू दे. बेसिन इकडे आणता येतं का बघू."

* * *

गायधनींच्या घरी पौरोहित्य. चातुर्मासात कांदा-लसूण बंद. म्हणून त्यांच्याकडे दोन बोर्ड, एक कांद्याचा आणि एक बिनकांद्याचा. दोन्ही अविनाशनं निवडलेले आणि दोन्ही अगदी सारखे दिसणारे. "चांगलं लाकूड मिळालं, मग दुसरं कशाला शोधायचं?" हे त्याचं म्हणणं.

श्रावणातला रविवार आमच्याकडे होता. गायधनी आपला बिनकांद्याचा बोर्ड घेऊन आले, ओट्यावर ठेवला आणि हात धुवायला गेले. तेवढ्यात खैरनारभाऊंनी त्यावर सपासप कांदे चिरले!

आतून एक "अरे!" ऐकू आला. मग नळाचा आवाज. अविनाशनं बोर्ड मीठ लावून घासला, लिंबू चोळलं, धुऊन पुसून गॅलरीत उभा केला. संध्याकाळी तिघांनी आळीपाळीनं वास घेतला. आम्हा बायकांनाही घ्यायला लावला. सर्वानुमते बोर्ड शुद्ध ठरला.

दुसऱ्या दिवशी गायधनींच्या आईंनी तो हातात घेतला, नाकाशी नेला आणि विचारलं, "लिंबाचा वास येतोय. कांदा कुणी चिरला?"

* * *

लाकडी बोर्ड पाण्यात भिजत ठेवायचा नाही, उभा करून वाळवायचा, अधूनमधून खोबरेल तेल लावायचं. घरातल्या कुठल्याही कामाला कंटाळणारा माणूस, पण बोर्डाला तेल लावताना शीळ घालायचा. एकदा मी घरी नव्हते. त्यानं समोर दिसली ती बाटली घेतली आणि सढळ हातानं तेल चोळलं. ते माझं केसांचं होतं, जास्वंद आणि माका घालून उकळलेलं.

त्या रविवारी कोशिंबीर खाताना गायधनी घास तोंडात ठेवून थांबले. डोळे मिटले.

"वहिनी, यात काय घातलंय हो? शाळेत जाताना आई जिची वेणी घालून द्यायची, त्या माझ्या बहिणीची आठवण झाली!"

मी आता ते तेल करत नाही. केसांना विकतचं लावते.

* * *

रेवाच्या बोर्डासाठी मात्र तो अडून बसला होता. तिचा ओटा बघितल्याशिवाय घ्यायचा नाही म्हणे. व्हिडिओ कॉल लावला.

"बाबा, बोर्ड आहे, फ्रीज नाही!"

"वर्तमानपत्राची घडी कर आणि बेसिनमध्ये ठेव. मावेल तेवढाच बोर्ड घ्यायचा."

"माझ्याकडे पेपर येत नाही."

"मग पिझ्झाचं खोकं असेल."

रेवानं फोन स्वतःकडे वळवला. "तुला कसं कळलं?"

खोकं तिरकं करून मावलं. अविनाश खूश झाला. "हेच माप. गुरुवारी जातो आणि आणतो."

* * *

दिवाळीनंतर खैरनारभाऊ आणि गायधनी घरी आले. "वहिनी, चला. पोरीचा बोर्ड घेऊ." खैरनारभाऊ आता माझ्याशी असंच, शुद्ध बोलतात.

आम्ही तिघं भांडीबाजारात गेलो. दुकानदारानं अविनाश कुठे म्हणून विचारलं नाही. त्याला कळलेलं असावं. त्यानंच ओलं फडकं पसरलं. गायधनींनी दाबून बघितलं, खैरनारभाऊंनी उचलून बघितलं, मी आडवा धरून बघितलं. माप बरोबर. वजन बरोबर. शिसवी, सुरेख रेषांचा.

"घेऊ या," मी म्हणाले.

दुकानदार घुटमळला. "काका शेवटी बोटानं वाजवून, कान लावून ऐकायचे. मगच हो म्हणायचे."

हे आम्ही सगळ्यांनी शंभरदा बघितलं होतं. गायधनींनी बोर्ड उभा धरला. खैरनारभाऊंनी बोटाच्या पेरानं वाजवला. आम्ही तिघांनी वाकून कान लावले. खैरनारभाऊंनी परत वाजवला. मग दुसरा बोर्ड घेतला, तो वाजवला. मग तिसरा. बाजूला प्रेशर कुकर बघणारी एक बाई आमच्याकडेच बघत राहिली.

सगळ्यांचा आवाज येत होता. नीट येत होता.

खैरनारभाऊंनी हात खाली घेतला. "वहिनी, कोणता आवाज आला की भाऊ हो म्हणत?"

मी गायधनींकडे बघितलं. गायधनींनी दुकानदाराकडे बघितलं.

रेवासाठी बोर्ड घ्यायचा अजून राहिला आहे.