छातीत उतरलेली सर्दी

माझी धाकटी बहीण आजारी पडली तेव्हा मी सात-आठ वर्षांचा असेन. भाटघरच्या आमच्या घरात ती आईच्या मांडीवर निजली होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्यातून आवाज येत होता. हुं... हुं... हुं... कुत्र्याचं पिल्लू कण्हतं तसा. आई म्हणाली, "डबा झालाय." लहान पोराची छाती भरली आणि पोट उडायला लागलं, की आमच्याकडं त्याला डबा म्हणायचे. दोन दिवसांनी तो आवाज थांबला, आणि श्वासही.

पुढं मला भोरमधल्या एका लहान दवाखान्यात वॉर्डातलं काम मिळालं. झाडायचं, पुसायचं, ऑक्सिजनचे सिलिंडर ढकलायचे. माझी शाळा चौथीपर्यंतच. पण इतकी वर्षं खोकणाऱ्या माणसांत काढली, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. माळावरून चालत आलं की धोतराला कुसळं चिकटतात, तसे ते आपोआप चिकटतात.

*

एकदा ओपीडीच्या बाकावरून तोच आवाज आला. केसपेपरची रांग लांबलचक होती आणि एक बाई पोर पदराखाली घेऊन मुकाट्यानं शेवटी बसली होती. मी पोर उचललं आणि थेट डॉक्टर मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवलं!

"मामा, रांग आहे ना?" मॅडम चिडल्या. मग त्यांनीही ऐकलं.

"सिस्टर, ऑक्सिजन! निमोनिया आहे!"

संध्याकाळी पोर जरा सावरलं. मॅडमनी मला विचारलं, "तुम्हाला लांबूनच कसं कळलं हो?"

मी म्हटलं, "लई जुनी वळख हाय, मॅडम."

*

किकवीचे एक आबा होते. आठ दिवस ताप, छातीत कळ, एक्स-रेत उजव्या बाजूला पांढरं धुकं. सिस्टरनी त्यांना प्लॅस्टिकची डबी दिली. "सकाळी चूळ भरायची, खोल खोकायचं आणि बेडका यात आणायचा. नुसती थुंकी नको. कसले जंतू आहेत ते तपासायचंय."

दुसऱ्या दिवशी आबा काठोकाठ डबी घेऊन हजर! सिस्टर खूश. "आबा, चांगला निघाला की!"

"माजा कुठला? माजा निघंना. धाकट्या भावाचा आनला. त्यो बिड्या वढतो, त्याचा झ्याक निगतो!"

सिस्टरनी डोक्याला हात लावला. तर आबाच त्यांची समजूत घालायला लागले, "अवो, एकाच आईची लेकरं हाय आमी!"

*

वेल्ह्याकडच्या सखूबाई नवऱ्याला घेऊन आल्या होत्या. कफ छातीत घट्ट बसलेला. सिस्टरनी दाखवलं, हाताची ओंजळ करायची आणि पाठीवर खालून वर थोपटत जायचं, म्हणजे कफ सुटतो. सखूबाईंनी पदर खोचला आणि सुरू केलं. खाट हलायला लागली!

"सिस्टर, हिला आवरा," म्हातारा ओरडला. "चाळीस वर्साचं काडतीया!"

"मावशी, हलक्या हातानं."

"हलक्या हातानं ह्यास्नी कवा काय कळलंय व्हय?"

सगळा वॉर्ड हसला. म्हाताराही हसला, त्यात खोकला आला आणि कफ सुटला.

दुपारी मी फरशी पुसायला गेलो. सखूबाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली होती. डोळे मिटलेले, मान कललेली. हात मात्र चालूच होता, अगदी हलका. म्हाताऱ्यानं मला तोंडावर बोट ठेवून खुणावलं, की आवाज करू नकोस.

*

बापू वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहायचे. मेंढरं राखायचे. आसपास कुणाच्या पोराला डबा झाला, की विळ्याचं टोक चुलीत तापवून बापू पोटावर डाग द्यायचे. त्यासाठी नारळसुद्धा घ्यायचे नाहीत. लोकांना त्यांचा मोठा आधार वाटे.

त्यांच्याच वाडीतली संगीता पाच महिन्यांचं पोर घेऊन आली, तेव्हा पोराच्या पोटावर तीन डाग होते. सिस्टरनी मोबाईलवर वेळ लावून एक मिनिट श्वास मोजले. सत्तर! एवढ्या पोराचे पन्नासच्या आत हवेत. बरगड्यांखाली खळगा पडत होता आणि पोर दूध ओढत नव्हतं.

"अगं, चार दिवस काय करत होतीस?"

"बापूंनी डाग दिला व्हता की. म्हनले, उतार पडंल, वाट बग."

मॅडमनी इंजेक्शन सुरू केलं, नाकाला ऑक्सिजन लावला. "आत्ता काही सांगता येत नाही," म्हणाल्या. संगीता दोन दिवस पोराच्या पोटाकडं बघत बसली. तिसऱ्या दिवशी तिनं मला हाक मारली, "मामा, वढतंय! दूध वढतंय!"

पाचव्या दिवशी सकाळच्या एसटीनं स्वतः बापू आले. घोंगडीत नातू, मागं सून.

"कधीपासून आहे?" सिस्टरनी विचारलं.

"राती ताप आला. सकाळी पोट उडाया लागलं, तसा निगालो."

सिस्टरनी अंगडं वर केलं. पोट स्वच्छ होतं. एकही डाग नाही. त्यांनी एकदा बापूंकडं बघितलं आणि श्वास मोजायला घेतले. "साठ. वेळेवर आणलंत."

शेजारच्या खाटेवरून संगीताही बघत होती.

दोन दिवसांनी तिला घरी सोडलं. तोवर बापूंच्या नातवाचा ताप उतरला होता, तो आईला पीत होता. संगीतानं पिशवी भरली, मॅडमच्या पाया पडली आणि सरळ बापूंपुढं येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता ही त्यांना जाब विचारणार.

तिनं वाकून पोर त्यांच्या पायांवर घातलं.

"बापू, तुमचा डाग आन् मॅडमची सुई, दोनी लागू पडलं बगा. हात ठेवा डोक्यावर."

बापूंनी हात पुढं केला. पोराचं अंगडं वर सरकलं होतं, तिन्ही डाग दिसत होते. हात डोक्याकडं गेलाच नाही, पोटावर टेकला नाही, मधेच राहिला. मग त्यांनी पोर उचलून संगीताच्या हातात दिलं, घोंगडी खांद्यावर टाकली आणि दाराबाहेर चालत गेले.