मामा कुठं अडलाय

संगणक अडला आणि पडद्यावर इंग्रजी ओळी उमटल्या, की शिळीमकर मावशी खुर्ची ओढून बसत, पदराने चष्मा पुसत आणि कानामागची पेन्सिल काढत. "कुनी हात लावू नका. काय म्हणतंय ते आधी लिवून घेऊ द्या." मग पडद्यावरचा मजकूर अक्षर अक्षर करून वहीत उतरायचा. एखादा ठिपका किंवा आडवी रेघसुद्धा सुटायची नाही. अर्थ कळलेला नसायचा, पण उतरवून होईपर्यंत त्या कुणाला जवळ येऊ देत नसत.

मावशी आमच्या शाळेत शिपाई होत्या. वेल्हे तालुक्यात, मार्गासनीच्या पुढे आमची शाळा. मी तिथे ग्रंथपाल. संगणक खोलीत नऊ जुने संगणक होते. विज्ञानाच्या एका शिक्षकांनी त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी, हलकी प्रणाली घातली होती, कारण त्या यंत्रांना दुसरं काही पेलवत नव्हतं. त्यांची बदली झाली, तेव्हा मुख्य पासवर्ड कुणाकडे द्यायचा, हा प्रश्न आला. शिक्षकांपैकी कुणी पुढे झालं नाही. त्यांनी तो मावशींना दिला. शिक्षक खोलीत लोक हसले. मावशी शांतपणे म्हणाल्या, "शाळेच्या समद्या किल्ल्या माझ्याकडं हायेत. हीबी एक किल्लीच."

त्या बाहेरून परीक्षा देऊन दहावी झालेल्या. इंग्रजी अक्षरं ओळखीची, शब्द नाहीत. म्हणून वही घेऊन त्या ग्रंथालयात यायच्या. मी शब्दकोश काढायचो, त्या माझ्यासमोर बाकावर बसायच्या. मला शब्द कळायचे, यंत्र कळायचं नाही, त्यांचं उलट. आम्हा दोघांचा मिळून एक जाणकार माणूस व्हायचा.

लिनक्समधला प्रत्येक प्रोग्राम पॅकेज होऊन येतो. एका पॅकेजला दुसरं लागतं, दुसऱ्याला तिसरं. यातलं एक जरी नसलं, तरी सगळं खोळंबतं. मी हे एकदा शब्दांच्या आधाराने त्यांना समजावायला गेलो आणि स्वतःच गोंधळलो. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "सर, हे लगीन हाय. नवरी नटून बसलीय, भटजी घड्याळ बघतोय. पण मामानं हाताला धरून आणल्याबिगर नवरी बोहल्यावर जात न्हाई. मग नवरीवर कशाला चिडायचं? मामा कुठं अडलाय ते बघा."

त्यानंतर आमच्या शाळेत काहीही अडलं, पाण्याची मोटार असो की वेळापत्रक, कुणीतरी विचारायचंच, "मामा कुठं अडलाय?"

त्यांचा दुसरा नियम, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलण्याआधी काय होतं ते लिहून ठेवायचं. तो मी एकदा मोडला. मावशी रजेवर होत्या, एका संगणकाचा आवाज येत नव्हता. मी मोबाईलवर वाचून तीन सेटिंग्ज एकदम बदलल्या. आवाज आला नाहीच, पडदाही काळा झाला. दुसऱ्या दिवशी मावशींनी विचारलं, "आधी काय व्हतं, लिवलंय का?"

"नाही."

"मग तुमी पुस्तकं तरी कशी सांभाळता, सर?"

दोन दिवस त्या एकेक बदल मागे घेत बसल्या. मला शेजारी बसवलं आणि वहीत माझ्याच हाताने लिहायला लावलं. रागावल्या नाहीत, पण उठूही दिलं नाही.

पुढे संस्थेला ती खोली हवीशी झाली. भोरहून एक पदाधिकारी आले. त्यांच्याबरोबर संगणकातला एक जाणकार गृहस्थ आणि निर्लेखनाचा छापील तक्ता होता. वस्तू निकामी झाली असं त्या तक्त्यात लिहून ती सांभाळणाऱ्याने सही केली, की ती भंगारात काढता येते. खोली गेली असती, तर पाली गाव आणि आसपासच्या वाड्यांतल्या मुलींना शिष्यवृत्तीचा एक ऑनलाइन अर्ज भरायला एसटीने भोर गाठावं लागलं असतं. ज्यांच्या घरून तेवढं सोडत नाहीत, त्यांचे अर्ज राहिलेच असते.

शाळा उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर नुकतीच उघडली होती. आमच्याकडचं इंटरनेट जेमतेम अर्ज भरण्यापुरतं, मोठं काही उतरत नसे, म्हणून मावशी नवी पॅकेजेस भोरहून पेनड्राइव्हवर आणायच्या. त्या दिवशी जाणकारांनी ती घालून पाहिली. नऊच्या नऊ संगणकांनी ती नाकारली. "मृत आहेत हे," ते म्हणाले. "तक्ता भरा."

मावशींनी पेन्सिल काढली. पदाधिकारी म्हणाले, "बाई, चहाचं बघा तुम्ही."

"चहा झाला की सायेब. हे मरताना काय म्हणतंय, तेवढं लिवून घेते."

त्यांनी ओळ उतरवली आणि वही माझ्यापुढे धरली. मी वाचलं. पॅकेजेसची यादी 'अजून ग्राह्य नाही', असं लिहिलं होतं. मावशींचं बोट त्या 'अजून' वर थांबलं. "अजून न्हाई म्हणतंय. कधीच न्हाई, असं न्हाई म्हणत." मग त्यांनी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहिली. एप्रिल होता. आत घड्याळ चालवणारे सेल नऊही संगणकांत संपले होते. संगणक ज्या दिवशी बंद केला, त्याच दिवशी जागा झाला होता. जूनमधली यादी त्याला उद्याची वाटत होती.

"आपल्या मागं राह्यलंय हे," मावशी म्हणाल्या. मनगटावरच्या घड्याळात बघून त्यांनी तारीख आणि वेळ बदलली. पॅकेजेस मुकाट्याने आत गेली. त्या दुसऱ्या संगणकाकडे वळल्या, मग तिसऱ्या. जाणकार मोबाईल बघू लागले. पदाधिकारी म्हणाले, "तरीपण जुनेच आहेत. सही करून टाका."

मावशी उठल्या. "निकामी कुठं लिवलंय ते दाखवा, सायेब. मशीन तसं म्हणत न्हाई. तुमीच म्हणताय." तक्ता कोराच भोरला परत गेला.

दिवाळीच्या सुट्टीत मावशी गेल्या. तीन दिवसांचा ताप, चौथ्या दिवशी निरोप. मी पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. त्यांच्या सुनेने जुडग्यात ओवलेल्या किल्ल्या आणि वही माझ्या हातात दिली. "सरांना द्या, म्हणल्या व्हत्या."

शाळा उघडली आणि तक्ता पुन्हा आला. या वेळी सही माझी हवी होती, किल्ल्या माझ्याकडे होत्या म्हणून. मला भांडता येत नाही. आयुष्यभर मी पुस्तकांच्या आडोशाला राहिलो. तक्ता घेऊन मी संगणक खोलीत गेलो आणि पहिला संगणक सुरू केला. आतले सेल बदलायचे राहूनच गेले होते. कोपऱ्यात तारीख आली. सुट्टीआधीचा शनिवार, दुपारची वेळ. मावशींनी खोली झाडून संगणक बंद केले होते, तो दिवस. त्या यंत्राच्या हिशेबी मावशी अजून होत्या. कुलूप लावून बसस्टॉपवर निघाल्या असतील.

मी बराच वेळ हात लावला नाही. तारीख तशीच राहू द्यावी, असं फार वाटलं. मग वही उघडली, पेन्सिल घेतली, पडद्यावर जे होतं ते आधी लिहून घेतलं. त्याखाली मनगटावरच्या घड्याळातली वेळ लिहिली, आणि नऊ संगणक एकेक करून आजच्या दिवसात आणले.

तक्त्यात नऊ ओळी होत्या. मी नऊ वेळा 'चालू' लिहिलं आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी भोरहून फोन आला. "सर, तुम्ही तरी असं करायला नको होतं. तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

माझा आवाज नेहमीसारखाच लहान निघाला. पण मी म्हणालो, "निकामी कुठं लिहिलंय ते येऊन दाखवा, साहेब. खोली उघडी आहे."