जुनं नव्हे, राहतं

त्यांचं नाव मी विचारलं नाही, याची अजून लाज वाटते. महापालिकेच्या फाटकाबाहेर लिंबाखाली टाइपरायटर मांडून ते लोकांचे अर्ज लिहीत. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. वाचताना पेनचं टोपण दातांत धरायचे.

आम्ही प्लॉटवर पुढं नवं घर बांधलं होतं. मागच्या दोन खोल्यांत आई राहायची आणि तिथून हलायला तयार नव्हती. एका प्लॉटवर एकच घर चालतं, मागचं पाडा, असं महापालिकेतले साहेब म्हणत. ‘जुनं घर ठेवण्याची परवानगी मिळावी’ हा माझा अर्ज दोनदा परत आला होता. मी चिडूनच त्यांच्यापुढं बसलो.

त्यांनी अर्ज सावकाश वाचला, टोपण काढलं आणि विचारलं, “आई तिथंच राहतेत? चूल तिथंच पेटती?”

“व्हय.”

“मग जुनं कशाला लिव्हलं, भाऊ? जुनं म्हणलं की पाडाच म्हणतेत. राहतं लिवा. अन् आईच्या नावाचं लाइटबिल जोडा.”

एवढं बोलून त्यांनी ‘राहतं घर’ असा नवा अर्ज टाइप केला. तो मंजूर झाला.

आई पुढं अकरा वर्षं त्याच खोल्यांत राहिली. ती गेल्यावर मी कुलूप घेऊन दाराशी उभा राहिलो, पण लावता येईना. आता वाळूजला कामाला जाणारं एक जोडपं तिथं संसार करतं. त्या माणसानं टाइप केलेला शब्द मला खोटा पडू द्यायचा नव्हता.