गाडी फुल आहे

रविवारची सकाळ होती. कोपऱ्यावरच्या डेअरीच्या छपराखाली मी उभी होते, मधुराताईंच्या गाडीची वाट बघत. तेवढ्यात त्यांचा मेसेज आला. 'आज गाडी फुल आहे गं. तुझ्याकडे सायकल आहे ना?'

ठीक आहे, म्हणून मी खोलीकडे वळणार, तोच समोरून त्यांची गाडी आली. ताई चालवत होत्या. मागे त्यांची मुलगी. बाकी गाडी रिकामी. ताईंची नजर माझ्यावर आली, तिथून सिग्नलकडे गेली. सिग्नल हिरवाच होता.

मी हात वर केला होता. अर्धाच. गाडी गेल्यावर तो खाली कसा घ्यायचा ते कळेना.

मी न्यूझीलंडमधल्या पामर्स्टन नॉर्थला इतिहासात एमए करते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय. इथे आले तेव्हा कुणी ओळखीचं नव्हतं. मराठी मंडळाने विचारलं, रविवारी मुलांना मराठी शिकवशील का. मी लगेच हो म्हटलं. मी मराठीत प्रश्न विचारायचे, मुलं इंग्रजीत उत्तरं द्यायची, तरी तो वर्ग मला फार आवडायचा. तिथे मला सगळे 'आपली' म्हणायचे.

हॉल शहराच्या दुसऱ्या टोकाला. मधुराताई पुण्याच्या, इथल्या हॉस्पिटलात फार्मासिस्ट. त्याच मला न्यायच्या, आणायच्या. थँक्यू म्हटलं की रागवायच्या, आपल्या माणसाला कसलं थँक्यू. आडनाव त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. माझं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नाही. मग गाव विचारलं. मग कुलदैवत. आमच्यात तसं काही नाही, असं मी म्हटलं. त्या हसल्या. आजकालच्या मुली, म्हणाल्या.

एका रविवारी गाडीतच बाबांचा फोन आला. मी उचलला आणि म्हटलं, "जय भीम, बाबा." रोज म्हणते तसंच. मुद्दाम नाही.

ताईंनी हीटर वाढवला. आणि त्यानंतरच्या रविवारी गाडी फुल झाली. त्याच्या पुढच्याही.

मला कुणी शिवी दिली नाही. हे मला नीट लिहायचंय. कुणी काहीच बोललं नाही. घरी काय सांगणार होते? बाबा, तुमचा फोन आला म्हणून?

मी सायकलने जायला लागले. इथला वारा समोरून येतो तेव्हा पॅडल फिरत नाही. पण वाऱ्याचं काही वाटायचं नाही. मागून गाडीचा आवाज आला की मान आपोआप खाली जायची. लायब्ररीत बसलं तरी तो आवाज यायचा. आणि एक स्वप्न पुन्हा पुन्हा पडायचं. गाडी मीच चालवतेय. रस्त्याच्या कडेला बाबा उभे आहेत, दवाखान्याच्या खाकी कपड्यांत. मी त्यांना बघते. आणि थांबत नाही.

त्या सेमिस्टरला अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीचा पेपर होता. शिकवणाऱ्या बाई वयस्क, हळू बोलणाऱ्या. काळ्या लोकांनी बसवर घातलेल्या बहिष्कारावर त्यांनी आयुष्यभर काम केलेलं. त्यांचं म्हणणं असं, की गोऱ्या माणसासाठी बसच्या सीटवरून न उठलेली बाई सगळ्यांना माहीत असते, पण दुसऱ्या दिवशी कामावर कसं जायचं, हा प्रश्न हजारोंपुढे होता. तो वर्षभर रोज सोडवला गेला, तिथे चळवळ घडली. ज्या काळ्या कुटुंबांकडे गाड्या होत्या, त्यांनी धुणीभांडी करणाऱ्या काळ्या बायकांना शेजारी बसवलं. आधी त्यांतले कितीतरी जण त्याच बायकांच्या शेजारून न थांबता निघून जायचे. काही गोऱ्या मालकिणीही कामवालीला आणायला गाडी काढायच्या. घरचं काम अडू नये म्हणून.

"लिफ्ट देणारा प्रत्येक जण सोबत नव्हता," बाई म्हणाल्या. "कोण कशासाठी थांबलं, ते विचारा."

मी लिहायची थांबले. मंडळालाही शिकवणारी हवी होती.

तास संपल्यावर मी त्यांच्याकडे गेले. माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं. तरी विचारलं, "आणि जे थांबलेच नाहीत, त्यांच्याबद्दल कोण लिहितं?"

त्यांनी उचललेली वही पुन्हा टेबलावर ठेवली. "बहुतेकदा कुणीच नाही," म्हणाल्या.

त्याच महिन्यात मधुराताई माझ्या खोलीवर आल्या. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एक माणूस मुलीसमोर त्यांच्यावर ओरडला होता, तुमच्या देशात परत जा. सांगताना त्यांना रडू आलं. मला खरंच वाईट वाटलं. मी त्यांना पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत.

मंडळाचं स्नेहसंमेलन जवळ आलं होतं.

"या लोकांना आपण माणसं वाटतच नाही बघ. तू बोल स्टेजवर, तुझा विषयच आहे तो," ताई म्हणाल्या. "फक्त इथलं बोल हं. तिकडचं काही काढू नकोस. मी येते तुला न्यायला."

"बोलेन," मी म्हटलं. "येईन माझी मी."

स्नेहसंमेलनाला सायकलनेच गेले, स्टेजवर चढले. मी बहिष्काराबद्दल बोलले. पार्किंगमधल्या त्या माणसाबद्दल बोलले, ते चूकच होतं म्हणाले. टाळ्या पडल्या. तिथे थांबता आलं असतं. वर्ग राहिला असता, 'आपली' राहिले असते. पण मी पुढे बोलले. बाबांना जय भीम म्हटलं त्या दिवसानंतर याच हॉलला येताना माझ्यासाठी गाडीत जागा उरली नाही, असं सांगितलं. नाव घेतलं नाही. ताई मांडीवरच्या पर्सकडे बघत होत्या.

मागून एक काका म्हणाले, "हे इथे कशाला?"

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या सेक्रेटरीकाकांचा फोन आला. आवाज अगदी प्रेमळ. "बाळा, मधुरा कालपासून रडतेय. तुझा गैरसमज झाला, एवढं ग्रुपवर टाक. वर्ग तुझाच आहे."

तो वर्ग मला हवा होता. फार हवा होता.

"गैरसमज झाला नाही, काका," मी म्हटलं.

वर्ग गेला. डोकं दुखेपर्यंत रडले, हेही खरं. मग बाईंना भेटून प्रबंधाचा विषय सांगितला. आपली माणसं समुद्र ओलांडताना जात कशी बरोबर आणतात, ती इथल्या हॉलांत, स्वयंपाकघरांत, गाड्यांत कशी पाळतात. बाई म्हणाल्या, लोक बोलणार नाहीत. मलाही तसंच वाटतं. तरी मी घरोघरी जाणार आहे. मधुराताईंकडेही. जे बोलतील त्यांचं लिहीन. जे दार लावून घेतील, त्यांनी ते कसं लावलं, तेही लिहीन.