बालेकिल्ल्याची लढाई

विद्वानांचे किस्से निर्माल्यासारखे असतात. सकाळी उचलावे, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा साचतात! निजामाच्या अमदानीत औरंगाबादच्या आमच्या भजनी मंडळात असे दोन विद्वान होते. एक प्रवचन सांगणारे शास्त्रीबुवा, दुसरे हैदराबादेत उर्दूतून कायदा शिकलेले वकीलसाहेब. दोघे जमत नामस्मरणासाठी आणि भांडत एका शब्दासाठी: 'बालेकिल्ला'.

*

भांडण पेटले दौलताबादहून परतताना, टांग्यात. वकीलसाहेब म्हणाले, "फारसीत 'बाला' म्हणजे वरचा. बालेकिल्ला म्हणजे सर्वांत वरचा, शेवटी लढवायचा किल्ला."

"आमच्या देवगिरीला फारसी टिळा कशाला?" शास्त्रीबुवा कडाडले.

"बुवा, 'किल्ला' हा शब्दसुद्धा अरबीच आहे. चालत नसेल, तर इथंच उतरा!"

बुवा उतरले! विद्वत्तेचा अभिमान भर उन्हात पायी घरी आला.

*

पुढच्याच एकादशीला बुवांनी प्रवचनात ठोकून दिले, "बाल म्हणजे बाळ! वेढा पडला की राजाची बाळे जिथे ठेवीत, तो बालेकिल्ला."

सिल्लोडच्या सरूबाई पुढेच बसल्या होत्या. "मंग एवढ्या वर दूध कोण नेत व्हतं, बुवा?"

बुवांनी तत्काळ आरती सुरू केली!

*

वकीलसाहेबही काही कमी नव्हते. लासूरच्या एका शेताच्या दाव्यात त्यांनी पक्षकाराची बाजू सोडून मुन्सफांना या शब्दाची सगळी वंशावळ ऐकवली.

मुन्सफ शांतपणे म्हणाले, "वकीलसाहब, किला तो फतह हो गया. खेत का क्या?"

*

या दोघांना सप्ताहाच्या पहाऱ्यावर ठेवू नका, असे मी परोपरीने सांगितले होते. सप्ताहभर वीणा एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ती ज्याच्या गळ्यात, त्याच्या मुखी नामाखेरीज शब्द नसावा. आणि ती भूमीला टेकली, तर सप्ताह मोडला!

शेवटच्या दुपारी वीणा बुवांकडे होती. वकीलसाहेब जवळ जाऊन हळूच म्हणाले, "बाला म्हणजे वर, बुवा."

बुवांचे नाम तिथेच थांबले. त्यांनी वीणा गळ्यातून काढली. "बालेकिल्ला म्हणजे प्राण गेला तरी सोडायची नाही ती जागा!" असे गर्जून त्यांनी दोन्ही हात वर केले!

वीणा निसटली. वकीलसाहेबांनी झेप घेऊन ती वरच्या वर झेलली, गळ्यात घातली आणि ते ताठ उभे राहिले.

"आता द्या उत्तर!" बुवा ओरडले.

"रामकृष्णहरी!"

"व्युत्पत्ती सांगा, व्युत्पत्ती!"

"रामकृष्णहरी!"

दुसऱ्या दिवशी काल्याचा प्रसाद खाऊन बुवा गुलमंडीच्या बाजारभर सांगत फिरले, "वकील निरुत्तर झाला!"