दंडारीतल्या दोघी

खरं सांगते, हे लिहिणारच नव्हती मी. घरचे म्हणतील, हेच भेटलं का तुले लिहायले. पण आता लिहून राहिली.

अठ्ठ्याऐंशीची दिवाळी होती. लोधीखेड्याचे गुणवंता अन् देवीदास नत्थूजीच्या दंडारीत, म्हणजे दिवाळीतल्या नाच-नाटकात, बायांची सोंगं घेत. देवीदास राणी, गुणवंता दासी. सोंग उतरल्यावरही दोघांचं मन गड्यांवरच जाई, हे त्यांनी फक्त एकमेकांले सांगितलं होतं. त्या वर्षी कामाले गेलेला देवीदास मुंबईहून वाळून आला. एड्स आहे म्हणून दवाखान्यानं घरी धाडलं होतं. एकदा राणी व्हायचं, एवढंच त्याले पाहिजे होतं.

त्यानं वाटीत बोट बुडवून गालाले रंग लावला, तसे बाकीचे नट दूर सरकले. नत्थूजी खाली पाहत म्हणाला, "देवीदास, यंदा नुसतं पाह्य बाप्पा. सारे भिऊन राहिले."

देवीदास गुमान गाल पुसू लागला. गुणवंताच्या डोक्यात तिडीक गेली. त्यानं तीच वाटी ओढली अन् साऱ्यांसमोर आपलं तोंड रंगवलं.

"आता मलेबी भ्या, नत्थूजी. राणीच नाही, तर मी दासी कोणाची होऊ? लुगडं तुम्हीच नेसा."

"माह्या अंगावर शोभन का ते?"

"मिशा काढा, मंग शोभन."

आधी देवीदासच हसला. मग नत्थूजीनं हळूच राणीचा मुकुट त्याच्या पुढ्यात ठेवला. उभं राहवत नव्हतं, म्हणून त्या दिवशी राणी दासीच्या खांद्यावर हात टाकून नाचली.

संक्रांतीच्या आत देवीदास गेला. गुणवंताकाका लोधीखेड्यातच आहेत, एकटे. हे सारं त्यांनीच मले सांगितलं. देवीदासचं नाव ते कोणासमोरही मोठ्यानं घेतात. आता थकले आहेत, म्हणून लवकर जा अन् भेटून या त्यांले.