मले की मला
फोनमधल्या जुन्या फायली पुसताना आज बाबांचं रेकॉर्डिंग सापडलं. बी.एड. सोडून मी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला अर्ज केला, तेव्हा वाडीच्या गोदामातल्या कामावरून धुळीने माखून आलेले बाबा म्हणाले होते, "भाषा त येतेच तुले, मंग काहून शिकतं वं? मले सांग बरं." मी वैतागून म्हटलं, "मले नाही बाबा, मला." एम.ए.च्या पहिल्याच सत्रात आम्हाला घरची बोली रेकॉर्ड करून आणायला सांगितलं. मी फोन पुढे धरला, तर बाबा घसा खाकरून शेवटपर्यंत 'मला, तुला' करत जपून बोलले. "घरच्यासारखं बोला ना!" "नको, तुझे मार्क जातील." आता मीच शिकवते, वर्गात 'कोणतीच बोली अशुद्ध नसते' हे सांगून सांगून दमते; बाबांच्या माघारी घरी 'मले' म्हणणारं कुणी उरलं नाही.